रघूचा शेवटचा दगड

गौतम निरोप घेऊन आला तेव्हा मी दहिवलीच्या घरी ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो. गौतमचं चौक गावाला हायवेवर गॅरेज आहे, आणि रघुनाथ भोईरची छापायची शेड त्या गॅरेजच्या बरोबर मागे. त्यानं स्कूटर बंद केली नाही. तशीच धडधडत ठेवून म्हणाला, "मास्तर, रघूकाका गेले. सकाळीच." मी विचारलं, "शेडचं दार लावलंय ना?" तो म्हणाला, "लावलंय." मग मी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या, टरफलं गोळा करून गोठ्यात टाकली, हात धुतले आणि त्याच्या मागे बसून चौकला गेलो. याला आता काही आठवडे झाले. भेटणारे विचारतात, फार लागलं असेल ना मनाला... लागलं असेल. अजून कळलेलं नाही. बधिर केलेल्या दाढेला जीभ लावून बघावी तसं मी अधूनमधून बघतो, आणि तिथं काही नसतं.

दाराची चौकशी मात्र मी उगाच केली नव्हती. शेडमध्ये एक दगड होता. त्यावर चित्र काढून तयार होतं आणि छापायचं राहिलं होतं. ते रघूचं शेवटचं चित्र. त्याचं काय करायचं हे आता त्याच्या बायकोनं, इंदूवहिनींनी ठरवायचं होतं. रघूवर लिहा असं या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं तेव्हा मी हो म्हणालो खरा, पण माणसाबद्दल लिहायला बसलं की हात चालत नाही. दगडाबद्दल लिहिता येईल असं वाटतं.

कर्जतला त्याची शोकसभा झाली. अध्यक्षांनी त्याच्या फोटोला हार घातला आणि पाषाणातून प्राण फुंकणारा थोर शिल्पकार आपल्यातून निघून गेला, असं सांगितलं. मी पहिल्या रांगेत होतो. रघूनं आयुष्यात एकही मूर्ती घडवली नाही. पण दगडाचं काम करतो एवढं ऐकून जिवंतपणीही त्याच्याकडे लोक पुतळ्यांसाठी यायचे. एका सरपंचांना स्वतःच्या वडिलांचा अर्धपुतळा हवा होता. रघूनं त्यांना चहा पाजला, शिळाछापाची, म्हणजे दगडावरून कागदावर चित्र छापायची, पद्धत तासभर समजावली, शाई लावून दाखवली. सरपंचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "मग मिशा दगडातच काढाल का वरनं बसवाल?"

तो पहिल्यांदा भेटला तो पन्नासच्या दशकाच्या शेवटाला. मी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो, आणि हा मुंबईच्या कलाशाळेतून शिकून आमच्याकडे चित्रकलेचा मास्तर म्हणून आला. खालापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, उंच, थोडा वाकलेला, बोलायला कंजूष. वर्षभरही टिकला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांच्या फुलदाण्या दोन्ही बाजूंनी सारख्या नाहीत अशी तक्रार केली. रघू म्हणाला, "कुंभाराकडं जाऊन बघा, त्याच्याही नसतात." त्यानंतर तो चौकला वडिलांच्या रस्त्याकडेच्या जागेत जाऊन राहिला. ट्रकवाल्यांच्या गाड्यांवर नावं रंगवून पोट भरायचा आणि उरलेला वेळ वह्याच्या वह्या रेखाटनांनी भरायचा. सगळ्या पाठी. एसटीची वाट बघणाऱ्या बायांच्या पाठी, गिरणीत भाताची पोती उचलणाऱ्यांच्या, गाडीखाली डोकं घातलेल्या मेकॅनिकांच्या. मी एकदा विचारलं, चेहऱ्यांशी काय भांडण आहे? तेव्हा मला काहीतरी गहन उत्तर अपेक्षित होतं. तो म्हणाला, "समोरून काढायला लागलं की माणूस भांग पाडून येतो."

दगड पुढे काही वर्षांनी आले. मुंबईतल्या एका छापखान्यानं नवी यंत्रं घेतली आणि जुना हातप्रेस आणि शिळाछापाचे दोन दगड भंगारात काढले. जर्मनीतून कधीकाळी बोटीनं आलेला पिवळसर, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत चुनखडीचा दगड. एकेकाला उचलायला दोन माणसं. रघूनं ते ओळखीच्या ट्रकमधून, कांद्याच्या पोत्यांच्या मधे झोपवून, चौकला आणले. गौतमचे वडील तेव्हा गॅरेज चालवायचे, त्यांनी मागची शेड दिली. इंदूवहिनी दारात उभ्या राहून ते उतरवणं बघत होत्या. म्हणाल्या, "लोकं बायकोला पाटल्या आनतात. आमच्यात पाटा आनला. तोबी दोन."

या छपाईचा सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या भांडणावर चालतो. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग डिंक आणि आम्ल लावून ते पक्कं करायचं. छापताना दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. वर कागद ठेवून प्रेसमधून काढला की झालं. दगड तेल विसरत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. चित्र पक्कं व्हायच्या आधी नुसतं बोट लागलं तरी ते बोट छापून येतं. म्हणून रघू त्या दगडाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. डोक्याला तेल लावून आलेल्या पाहुण्यांना तर शेडच्या दारातच बसवायचा. आणि चित्र उलटं काढावं लागतं, डावं उजवीकडे, कारण कागदावर ते पलटतं. त्यासाठी त्यानं न्हाव्याकडचा एक जुना आरसा आणला होता. जे काढायचं ते आरशात बघायचा आणि तसंच दगडावर उतरवायचा.

प्रत्येक चित्राच्या ठरलेल्या तेवढ्याच प्रती. वीस ठरल्या तर वीस. पहिले पाच-सहा कागद फिके येतात, शाई दगडात रुजायला वेळ लागतो. ते तो मोजायचाच नाही, फाडून टाकायचा. इंदूवहिनी त्यावर चूल पेटवायच्या. आज त्या कागदांसाठी लोक काय देतील ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्यावर शिजलेली भाकरी मी खाल्लेली आहे. चांगल्या प्रती आल्या की प्रत्येकीवर पेन्सिलीनं सही आणि क्रमांक. शेवटची सही झाली की दगड पुढच्या चित्रासाठी घासून कोरा करायचा. घासायचं काम वहिनींचं. दोन दगड एकावर एक, मधे वाळू आणि पाणी, आणि वरचा दगड गोल गोल फिरवत राहायचा, चित्र पार जाईपर्यंत. दोन माणसांचं काम. सुरुवातीला रघू आणि गौतम करायचे, पण रघूचं लक्ष कामात नसायचं. आपलंच चित्र पुसताना त्याचा हात मधे मधे थांबायचा, आणि दगड एका बाजूला जास्त झिजायचा. एके दिवशी वहिनींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरा बाजूला. तुमी बघत बसता त्याच्याकडं." तेव्हापासून रघूची सगळी चित्रं त्यांनी पुसली. एकदा मी विचारलं, वाईट नाही वाटत? "जात्यावर बसल्यावर दान्याचं वाईट वाटतं का कुनाला?" असं उत्तर मिळालं.

आता ती खंडेनवमीची गोष्ट सांगायला हवी, कारण रघूचं नाव ज्या चित्रानं झालं ते त्या दिवशी घडलं. किंवा बिघडलं. भातलावणीला वाकलेल्या बायकांची रांग, अर्थातच पाठमोरी. दोन महिने तो त्या दगडावर होता. नवमीच्या दिवशी तो डिंक आणायला कर्जतला माझ्याकडे आला होता. इकडे चौकला सगळ्या गॅरेजांमधून पाने-हातोड्यांची पूजा चालली होती, ट्रकांना झेंडूच्या माळा चढत होत्या. वहिनींनी घरातला कोयता पूजला, विळी पूजली. मग त्यांना वाटलं, आपल्या घरातलं काम चालतं ते ज्याच्यावर, त्याला कसं विसरायचं? कुंकू नीट चिकटावं म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं आणि पाच बोटांनी पाच टिळे दगडाला लावले. फूल वाहिलं. नमस्कार केला.

रघू संध्याकाळी आला, त्यानं लाल ठिपके बघितले आणि ते पुसून काढले. कुंकू गेलं. तेल दगडात उतरलं होतं. पुढच्या आठवड्यात पहिला रूळ फिरवला आणि रांगेतल्या एका बाईच्या पाठीवर पाच काळे ठिपके उमटले. मी तिथं होतो. वहिनींनी ते बघितलं, आपली बोटं बघितली आणि म्हणाल्या, "मी लावलेली ती... ती तर पुसली व्हती ना तुमी?" रघू दगडावर वाकला. खरवडले असते तर खालची पाठही गेली असती. शेवटी त्यानं कागद उचलला. म्हणाला, "राहू दे. लावणीत अंगावर चिखल उडतोच."

मुंबईच्या प्रदर्शनात त्या चित्रापुढे गर्दी झाली. एका विद्वानांनी भाषणात सांगितलं की हे पाच ठिपके म्हणजे पंचमहाभूतं, श्रमिक स्त्रीच्या देहावर सृष्टीनं केलेली मुद्रा. दुसऱ्या विद्वानांना त्यात पंचेंद्रियं दिसली, आणि दोघांत थोडा वादही झाला. इंदूवहिनी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. रघूला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "कशावरनं भांडतात वो?" रघू म्हणाला, "तुझ्या बोटांवरनं." त्यांनी हात पदराखाली घेतला तो सभा संपेपर्यंत बाहेर काढला नाही. सगळ्या प्रती गेल्या. मग प्रदर्शन भरवणाऱ्या दालनाच्या मालकांनी रघूला बाजूला घेऊन सुचवलं की पुढच्या चित्रांतही ठिपके ठेवा, लोकांना तुमची ओळख पटेल. रघू म्हणाला, "दसरा वर्षातून एकदाच येतो." पुढच्या दोन चित्रांत ठिपके नव्हते आणि ती कुणी घेतली नाहीत. वहिनींनी ती दोन्ही चित्रं वेळ झाल्यावर घासून टाकली. रघू पुन्हा ट्रकांवर नावं रंगवायला लागला. त्याला याचं दुःख झालं का हे मी सांगू शकत नाही. त्याच्या पाठीवरून काही कळायचं नाही.

त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल दोघं माझ्यासमोर कधी बोलले नाहीत, म्हणून मीही इथं बोलत नाही.

गेली दोन-तीन वर्षं रघूच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. ऑपरेशन करू म्हणायचा आणि करायचा नाही. मग दिवाळीनंतर छातीचं दुखणं निघालं. पनवेलच्या डॉक्टरांनी प्रेस ओढायला मनाई केली. तेव्हा एके दिवशी त्यानं दगड मांडला, आरसा मांडला आणि वहिनींना म्हणाला, "बस गं इथं." त्या समजल्या, वाळूचा डबा धरायला बोलावलं असेल. कळल्यावर म्हणाल्या, "कोनाला काढताय, मला? डोकं ठिकानावर हाय का?" पण बसल्या. त्यांच्या तक्रारी गौतमनं भिंतीपलीकडून ऐकल्या, आणि अजून तो त्या हुबेहूब करून दाखवतो. "तीस वर्सांनी नवरा चित्र काढतोय, तर माझ्याकडं पाठ करून बसलाय. आरशात बघतोय." रघू दगडाकडे तोंड करून म्हणायचा, "तुझ्याकडं बघूनच काढतोय. हलू नको." आयुष्यात काढलेला त्याचा हा पहिला चेहरा, आणि त्यासाठी त्याला आरसा दगडाच्या अगदी जवळ ओढावा लागला. महिनाभरात चित्र झालं, डिंक लावून पक्कं झालं. प्रेस ओढण्याइतकी ताकद यायची वाट बघणं चाललं होतं. ती आली नाही.

तेराव्यानंतर दालनाचे मालक मोटार घेऊन चौकला आले. त्यांनी दगडावरचं कापड उचललं, टोपी काढली आणि बराच वेळ स्तब्ध उभे राहिले. ते स्तब्ध उभं राहणं खरं असावं. मी अशा गोष्टींवर सहज विश्वास ठेवत नाही, पण चित्र तसं होतं. मग त्यांनी योजना सांगितली. बाहेरून चांगला कारागीर आणायचा, तीस प्रती काढायच्या, प्रत्येकीवर रघूच्या सहीचा शिक्का. दगड घासायचा नाही. तो काचेच्या पेटीत, दिव्याखाली, दालनाच्या दर्शनी भागात. "अखेरची शिळा," ते म्हणाले. नाव तयार होतं.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "सही करायच्या आदी ते परत्येक कागद बघायचे. चांगला का वाईट ते आता कोन बघनार?"

"कारागीर उत्तम आहे, बाई."

"असंल."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. विचार करून कळवा, असं सांगून ते गेले.

त्यानंतर आठवडाभर त्या रोज शेडमध्ये जायच्या, कापड उचलायच्या आणि परत झाकायच्या. एका दुपारी मी गेलो तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मास्तर, हितं माझी नाकातली चमकी कुठल्या बाजूला हाय बघा. आमच्या आरशात दिसते त्याच बाजूला. मी रोज वेनी घालताना बघते तीच बाई हाय ही. यात काय नवीन नाय मला." मी म्हणालो, दगडावर चित्र उलटं असतं. छापलं की चमकी पलीकडे जाईल. त्यांनी बोटानं चमकी चाचपली. "म्हंजे छापल्यावर मी त्यांना दिसायची तशी दिसनार?"

"हो."

"मंग एकदा छापा. एकच. मला बघायचंय."

मी तीस वर्षं त्या शेडमध्ये बसलो होतो, पण बसलोच होतो. रूळ फिरवायचा कसा ते बघून माहीत, हातानं नाही. प्रेस ओढायचं काम गौतमचं, ते त्याला येतं. वहिनींनी दगड ओला केला. मी शाई लावली, दोनदा जास्त झाली, दोनदा पुसली. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "आता बरी हाय." रघूनं ठेवलेला जाड कागद काढला. गौतमनं दांडा ओढला. कागद उचलताना मी त्यांना म्हणालो, पहिला कागद फिका येतो, हा धरायचा नाही, पाच-सहा काढले की खरी प्रत येईल.

कागद आला तो फिकाच. राखाडी. धुक्यात उभ्या असलेल्या माणसासारखा चेहरा, कडा कुठं सुरू होतात ते न कळणारा. वहिनींनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाला नेला.

"अशी दिसते व्हय मी... जरा रागीट काढलंय."

"रागीटच हाव तुमी, काकी," गौतम म्हणाला.

"गप रं."

मी दुसरा कागद पुढे केला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मला वाटलं त्या थकल्या. मी म्हणालो, वहिनी, हा नीट आलेला नाही, रघूनं हा फाडून टाकला असता. त्या कागदावरची नजर न काढता म्हणाल्या, "नीट आलाय. शेवटाला त्यांना मी एवढीच दिसायची. समोर उभी राहिली तरी विचारायचे, कोन हाय..." मग तो कागद त्यांनी दोरीवर चिमट्यानं वाळत घातला, पदर खोचला आणि वाळूचा डबा काढला.

मला वाटलं थांबवावं. दालनवाल्यांसाठी नाही. पण मला त्या दोघांमध्ये बोलायची जागा कधीच नव्हती, ती आताच कुठून येणार? गौतमनं आणि मी दुसरा दगड वर चढवला. मी पाणी घातलं. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि दगड फिरू लागला. चिखलासारखं पांढरट पाणी बाहेर येऊन त्यांच्या पायांवरून वाहायला लागलं. बाहेर कुणीतरी ट्रकचा हॉर्न तपासत होतं. बऱ्याच वेळानं गौतमनं आणि मी वरचा दगड उतरवला, वहिनींनी पाणी ओतून दगड धुतला आणि म्हणाल्या, "बघा, मास्तर."

हे बघणं रघूचं काम. दगड वरून कोरा दिसला तरी चित्राची सावली आत राहते, आणि नंतरच्या चित्रात उमटते. म्हणून तो गाल दगडाला लागेल इतका वाकून तिरप्या उजेडात बघायचा. मी तसा वाकलो. गालाला दगड गार लागला. कपाळ गेलं होतं, केस गेले होते. डोळे आणि नाक फार पुसट, पण होते.

"थोडं राहिलंय," मी म्हणालो.

"असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

दालनवाल्यांना मी कळवलं की दगड घासला. त्यांनी खेद व्यक्त केला. छापलेला कागद वहिनींनी आतल्या खोलीत ठेवला आहे. मला पुन्हा दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही. दर दोन-चार दिवसांनी मी चौकला जातो. गौतम चहा सांगतो. वहिनी शेडचं दार उघडतात, मी दगडावर वाकतो आणि थोडं राहिलंय म्हणतो. त्या उद्या म्हणतात, आणि दगड पुन्हा फिरत नाही. परवाही तेच झालं. वाळू भिजवून ठेवलेली होती, बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. मी ते ओतून टाकलं, नवीन भरून ठेवलं आणि दार लावून परत आलो.